शेवटी कुणाला धरलंस

एकदा एक म्हातारा पेंटर तालुक्याच्या गावात फ्लेक्सचं दुकान चालवत होता. उमेदीची वर्षं त्यानं भिंतींवर अक्षरं रंगवण्यात घालवली होती. ब्रशचं काम संपलं तेव्हा साठीत तो कॉम्प्युटर शिकला. सगळे त्याला पेंटरकाका म्हणत. माझी शाळा सातवीतच सुटली आणि मी त्याच्या दुकानात कामाला लागलो, त्यामुळे गुरू म्हणावा असा हा एकच माणूस मला लाभला.

माझा थोरला भाऊ हणमंत बोर्ड चढवायचं काम करायचा. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बोर्ड बांधताना तो चाळीस फुटांवरून पडला आणि गेला. कमरेला पट्टा नव्हता, दोर नव्हता. "पाच मिनिटांचं काम आहे, चढ," असं त्याला सांगितलं होतं. वाढदिवस ठरल्याप्रमाणे झाला. केकही कापला.

नवव्या दिवशी त्याच पुढाऱ्याचा कार्यकर्ता आमच्या दुकानात आला.

"तेराव्याला चौकात श्रद्धांजलीचा बोर्ड लावायचाय," तो म्हणाला. "साहेबांचा फोटो मधे, मोठा. हात जोडलेला घ्या, हसरा नको. हणमंताचा वर कोपऱ्यात, गोलात. खाली आमची सगळ्यांची नावं. संध्याकाळी बघायला येतो."

जाताना त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं.

काका फक्त "बघू" म्हणाले. मी कॉम्प्युटरवर कोरल, म्हणजे बोर्ड मांडायचा प्रोग्रॅम, उघडून बसलो. दोन तास एकेक वस्तू माउसनं ओढत होतो. नाव सरळ केलं की तारीख तिरकी दिसे, तारीख सरकवली की फोटो हले. साहेबाचा फोटो लहान करत होतो, पुन्हा मोठा करत होतो आणि तोंडानं शिव्या चालू होत्या. काका शेजारी बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "काय चाललंय?"

"ह्याला कुठं गाडू ते बघतोय."

"आणि हणमंत कुठाय?"

मी पडद्यावर शोधलं. भाऊ वरच्या कोपऱ्यात होता, अर्धा पानाच्या बाहेर गेलेला. ओढाओढीत माझाच धक्का लागला असणार. मला कळलंही नव्हतं.

"शिफ्ट दाबून ठेव आणि सगळ्यांना एकेक करून धर," काका म्हणाले.

मी आधी भावावर क्लिक केलं, मग नावावर, तारखेवर, खालच्या यादीवर. सगळ्यांत शेवटी साहेबाच्या तोंडावर, दात खाऊन.

"माउस मोडशील," असं म्हणत काकांनी हात पुढे केला आणि दोन कळा दाबल्या, सी आणि ई. सगळं जागेवरून सरकून साहेबाच्या फोटोवर जमा झालं. भाऊ त्याच्या मागे गेला, दिसेनासा झाला.

माझं डोकं फिरलं. खुर्ची ढकलून उठलो. "माझ्या भावाला त्याच्यामागं घातलंत? तुम्हीपण त्यांचेच निघालात?"

"बस," काका शांतपणे म्हणाले. "मी नुसत्या कळा दाबल्या. शेवटी कुणाला धरायचं ते तू ठरवलंस. शेवटी ज्याला धरतो तो जागचा हलत नाही, बाकीच्यांना त्याच्यापाशी यावं लागतं. यंत्राला साहेब कळत नाही आणि मजूरही कळत नाही. मी भिंती रंगवायचो तेव्हा ओळ सरळ यावी म्हणून खिळ्याला बांधून गेरूत भिजवलेला दोरा मारायचो. आधी खिळा, मग ओळ. नऊ दिवस तू खिळा त्या माणसावर ठोकलायस. उठतोस त्याच्या नावानं, ताट सारतोस त्याच्या नावानं. हणमंताचं नाव आज सकाळपासून एकदातरी घेतलंस का? राग सोड असं मी म्हणत नाही. तुमच्यावर अन्यायच झालाय. पण तो राग कुणाला धरून उभा आहे, एवढं बघ."

मी खाली बसलो. केलेलं मागे घेतलं. भावाला धरून पी दाबलं, तो पानाच्या बरोबर मधे आला. फोटो मोठा केला. मग बाकीचं सगळं धरलं, शेवटी भावाला, आणि सी दाबलं. नाव, तारीख, यादी, सगळी त्याच्याखाली एका रेषेत उभी राहिली. दोन तास जे जमलं नाही ते एक कळ दाबून झालं. साहेबाला यादीच्या ओळीत इतरांएवढं केलं. नावाखाली मी एक ओळ लिहिली: बोर्ड बांधताना पडून गेला, कमरेला पट्टा नव्हता.

संध्याकाळी कार्यकर्त्यानं पडदा पाहिला. "साहेब कुठायत?"

"खाली आहेत, सगळ्यांबरोबर," काका म्हणाले.

"आणि ही पट्ट्याची ओळ काढा."

"हणमंताची ओळ आहे ती," मी म्हणालो. "राहणार."

"मग आम्ही दुसरीकडून करून घेतो."

"घ्या," काका म्हणाले. "पण चढवायला ज्याला पाठवाल त्याला पट्टा द्या."

तो गेल्यावर मी साहेबाला आणि यादीला काढून टाकलं. राहिलं ते काकांनी छापून दिलं. तेराव्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी, भिंतीवर, जमिनीवर उभं राहून हात पोचतो तेवढ्याच उंचीवर मी भावाला लावलं. शिडी लागली नाही.

तुमच्या चौकात असा बोर्ड दिसला तर मधे कोण आहे ते बघा, आणि वर चढून तो कोण बांधून गेला, तेही विचारा.