तेरवळची शिव्यांची भाजी

श्रावण संपता संपता तेरवळमध्ये खोतांच्या घरचा कर्ता पुरुष उपरणं पसरून दारोदार भाजी मागतो. दारातली बाई आधी त्याला पोटभर शिव्या घालते आणि मगच परसातली मूठभर भाजी उपरण्यात टाकते. बाहेरून आलेली माणसं हे बघून हसतात, मोबाइल काढतात. हसण्यासारखं त्यात काही नाही.

पूर्वी ओढ्याकाठचा भाजीचा मळा सगळ्या गावाचा होता, असे सांगतात. बायका मिळून तो लावत आणि पिकेल ते वाटून घेत. बियाणं सांभाळायची सारजा. वेलावरचं चांगलं फळ ती बियांसाठी राखायची आणि त्याला चिंधी बांधायची. चिंधीच्या फळाला पोरंसोरंही हात लावत नसत.

एका वर्षी साठवणीतलं पडवळाचं बी किडलं. ते बी सारजाच्या लेकीनं सासरहून आणलेलं, आणि लेक पुढे बाळंतपणात गेली. उरलंसुरलं बी लावलं, त्यातून एकच वेल जगला. त्यावरच्या सगळ्या पडवळांना सारजाने चिंध्या बांधल्या. पिकून लाल झाली की बी हाती येणार होतं.

त्याच वेळी बाबाजी खोताकडे नवे व्याही जेवायला आले. त्याने गडी मळ्यात धाडले. चिंध्या बघून गडी अडखळले, तर हा माणूस म्हणे स्वतः मळ्यात उतरला, चिंध्या सोडून फेकल्या आणि हिरवी पडवळं तोडून घेऊन गेला. नजरचूक नव्हती ती. माज होता, नुसता माज.

वेलाखाली पडलेल्या चिंध्या मुठीत धरून सारजा तडक खोताच्या स्वयंपाकघरात शिरली. पडवळ चिरून चुलीवर चढलेलं होतं.

"चिंधी दिसली नाय तुमाला?"

"पडवळच ते, बाय," खोत म्हणाला. "पुढच्या वर्षी दुसरं लाव."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. "कशातनं लावू? माज्या लेकीचं शेवटचं बी होतं ते!" तिने चिंध्या चुलीत भिरकावल्या. "आता ह्या चुलीवर काय शिजायचं नाय!"

आणि शिजलं नाही, म्हणे. लाकडं जळून गेली, पाणी आटलं, फोडी कच्च्याच. भातही तसाच. व्याही उपाशी उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. घरातली पोरं भुकेने रडू लागली तेव्हा खोत सारजाच्या दारी गेला.

"घरोघर जा," ती म्हणाली. "मूठ मूठ माग. बाया काय बोलतील ते खाली मान घालून ऐक."

खोत फिरला. फुकट राबवून घेतलेले हात, न विचारता उचलून नेलेल्या कोंबड्या, वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं बायकांनी त्या दिवशी त्याच्या तोंडावर फेकलं. भेंडी, अळू, माठ, दोडका, ज्याच्या परसात जे होतं ते उपरण्यात पडलं, आणि ती मिसळलेली भाजी एका उकळीत शिजली. त्या फेरीच्या शेवटी तो पुन्हा सारजाच्या दारीही उभा राहिला होता. तिने भाजी दिली नाही, शिवीही दिली नाही. त्याच्याकडे बघत तिने दार लावून घेतलं. मरेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही, आणि बरोबर केलं तिने.

आजही त्या भाजीत पडवळ घालत नाहीत. बाजारात ढिगाने मिळतं, तरी नाही. मध्यंतरी खोतांच्याच एका नव्या सुनेने हौसेने आणून चिरलं, तर सासूने ताट उचलून उकिरड्यावर रिकामं केलं.

"आपल्याच घरानं तोडलं ते," सासू म्हणाली. "आता आपल्या पानात यायचं नाय."