बाळाच्या गोधडीतला फुगवटा

एका बाजारगावात, फार फार मागे, गोधड्या शिवणाऱ्या बायकांचं दुकान होतं. एका गोधडीला दोघींनी समोरासमोर बसायचं आणि काठाकडून टाके घालत मध्यावर यायचं, अशी तिथली रीत. समोरासमोर बसायचं म्हणजे गप्पा आल्या, आणि गप्पा आल्या की भांडणंही आलीच!

त्यांच्यात एक थोरली होती, केस पिकलेली, आणि एक धाकटी, तिखट जिभेची. एकदा गिऱ्हाइकांदेखत धाकटी म्हणाली, "आक्का, टाके घालताय की बैल चालवताय? केवढाल्या ढांगा या!" सगळ्या हसल्या. थोरली हसली नाही. तेव्हापासून दोघींचा अबोला.

अबोल्यातच एका बाळाची गोधडी शिवायला आली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. "जरा ओढून धर," एवढं म्हणायचीही सोय नव्हती. एकीने कापड ताणलं, दुसरीने सैल सोडलं. दोघी मध्यावर पोचल्या, तर तिथे मुठीएवढा फुगवटा!

"वरून लाल ठिगळ लावू," धाकटी दुकानाच्या मालकिणीला म्हणाली. "कुणाला दिसतंय?"

"दिसणार नाही गं, पण बाळाच्या पाठीला टोचेल त्याचं काय?" मालकीण म्हणाली. " दोघी मिळून उसवा. आणि तोंड मिटून बसू नका."

दोघी उसवायला बसल्या. थोरली एकेक टाका बोटांनी चाचपून शोधत होती. मग सुईत दोरा ओवायला गेली, तर चारदा हुकली. धाकटीचा हात थांबला.

"आक्का, दिसत नाही का हो तुम्हाला?"

थोरलीला रडू आलं. "दिवाळीपासून कमीच दिसतं. सांगितलं तर मला घरी बसवतील. घरी माझं कोण आहे गं?"

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकले मी, आक्का. चारचौघींत हसण्यापेक्षा जवळ येऊन विचारायला हवं होतं."

"टाके मोठे पडत होते, ते काही खोटं नव्हतं," थोरली डोळे पुसत म्हणाली. "मीच रुसून बसले. तुला तरी सांगायला हवं होतं."

"मग चला, मालकिणीला दोघी मिळून सांगू. पण आधी बाळाची गोधडी."

थोरलीने कापडाचे थर हाताने सारखे केले. तिच्या बोटांतून एकही सुरकुती सुटली नाही. "इथे ओढ, इथे सोड," ती सांगत गेली आणि धाकटी टाके घालत गेली. संध्याकाळी मालकिणीने सगळं ऐकून घेतलं आणि गोधडीवरून हात फिरवला. कुठे उंचवटा नाही, कुठे खळगा नाही.

"आक्का," ती म्हणाली, "उद्यापासून दुकानातल्या सगळ्या गोधड्यांचे थर तुम्हीच लावायचे."

बारशाला बायकांचा एवढा गलका झाला, पण बाळ त्या गोधडीवर पाठ टेकून गाढ झोपलं होतं.

तात्पर्य: सोबत्याचं चुकलं तर चारचौघांत हसू नये, आणि आपल्याला लागलं तर मनात धरून बसू नये. जवळ बसून विचारावं आणि मोकळेपणी सांगावं. म्हणजे कामही सुधारतं आणि माणूसही दुरावत नाही.