आंधळ्या विहिरीचा दोर

विषय : आंधळ्या विहिरीत उतरण्याची परवानगी मिळणेबाबत.

अर्जदार : वीरधवल, हंसगीर बाबांच्या मठातील ज्येष्ठ शिष्य.

संदर्भ : याच मठातील यापूर्वीची तीन प्रकरणे.

त्या तिन्ही प्रकरणांत मुले लहान होती. घुबडे बोलत, घोडे उडत आणि शेवटी सर्वांना खीर मिळे. तिसऱ्या प्रकरणात सावटराजाला आंधळ्या विहिरीत कोंडले, तेव्हा तर दोनदा मिळाली. आता मुलांना मिसरूड फुटले आहे. या प्रकरणात खीर नाही.

सावटराजा कोणाचेही रूप घेतो, कोणाचाही आवाज काढतो. तो सुटला असावा अशी कुजबूज सुरू झाली आणि मठात जो तो दुसऱ्याची ओळख तपासू लागला. आचाऱ्याला एकाच सकाळी तिघांनी आईचे नाव विचारले. चौथ्याला त्याने पळी फेकून मारली. त्यावरून तो खरा आचारी असल्याचे मान्य झाले. तात्पुरते.

विहिरीच्या तळाचे दार शाबूत आहे का, हे पाहायला केतकी उतरली. वीरधवलची ती लहानपणापासूनची सोबतीण. दोर बाबांनी धरला होता.

दोर वर आला तो कापलेला. केतकी आली नाही.

“...आणि तो तुम्हीच कापला नाहीत, हे मी कशावरून मानू?” वीरधवलने विचारले.

“नको मानू,” बाबा म्हणाले.

“ती जिवंत आहे. खालून शीळ ऐकू येते. काल फार बारीक झाली होती. मला उतरू द्या.”

“दोर कोण धरेल?”

“तुम्ही नाही.”

“बरं. आचारी?”

“पळी काय, सावटराजासुद्धा फेकेल.”

“धाकटी मुलं?”

“त्यांच्यातलाही कोणी तो असेल.”

“म्हणजे उतरणार तूच आणि वर दोर धरणारही तूच. हात बरेच लांब आहेत तुझे.”

वीरधवलने दोराचे टोक बाबांच्या नाकासमोर धरले.

“थट्टा पुरे, बाबा. हे बघा. झिजून तुटलेलं नाही. सुरीनं कापलंय. मी भिंग लावून पाहिलंय.”

“टोक पाहिलंस. दोर पाहिलास?”

बाबांनी काठावर पडलेल्या ढिगाकडे बोट केले.

वीरधवल टोक हातात घेऊन निघाला. अंगण ओलांडले. धुनीला वळसा घातला. फाटकापर्यंत पोचला. मागे वळून पाहिले तर ढीग अजून होताच.

तो थांबला.

“वर कापला असता तर एवढा दोर खालीच राहिला असता...”

“हं.”

“म्हणजे खाली कापला. तिच्या कमरेपाशी.”

“सुरी तिच्याजवळच होती.”

“ती कशाला कापेल?”

बाबांनी धुनीतले लाकूड आत सारले.

“काम झाल्यावर मी दोर ओढायला घेतला. तिनं हाक मारली, वर कोण आहे? म्हटलं, मी आहे. तिनं पुन्हा विचारलं, मी म्हणजे कोण? म्हटलं, हंसगीर.”

“मग?”

“मग दोर हलका झाला.”

वीरधवल टोक घेऊन धुनीपाशी परत आला.

“उतरण्याआधी तू तिच्याशी काहीतरी बोलत होतास,” बाबा म्हणाले.

“सांगितलं होतं तिला.” वीरधवलने टोक खाली ठेवले. “बाबा आता बाबा राहिलेले नाहीत. त्यांनी दोर ओढला तर येऊ नकोस.”

“नाही आली. तुझं ऐकते ती.”

वीरधवलने ओठ चावला. मग मान झटकली.

“हेही तुम्ही रचून सांगत असाल.”

“असेन.”

“तिला खाली सावटराजानंच गाठलं असेल. दोर त्यानं कापला असेल.”

“असेल.”

“मग खरं काय?”

विहिरीतून शीळ आली. कालच्याहून बारीक.

बाबा उठले. गुडघे वाजले. त्यांनी दोराचे एक टोक स्वतःच्या कमरेला बांधले, गाठ ओढून पाहिली आणि उरलेला दोर वीरधवलच्या हातात दिला.

“मी उतरतो. तू धर.”

“आणि तुम्हीच तो असलात तर? म्हणजे मी त्याला आपल्या हातानं केतकीपर्यंत पोचवायचं!”

“मग सोडून दे.”

“आणि नसलात तर?”

बाबा काठावर बसले. पाय आत सोडले.

“वीरा, खाली गेल्यावर मी विचारणार नाही, वर कोण आहे.”

अर्जावर निर्णय झालेला नाही. दोर अर्जदाराच्या हातात आहे.