आल्यागेल्याची मूठ

एकदा एक घर होते, आणि त्या घरात काही म्हणजे काही उरत नसे. हीच त्या घराची कीर्ती होती. धान्याच्या पेठेत, देवळाच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात, कुठेही अन्नाच्या नासाडीचा विषय निघाला की लोक म्हणत, शिकावे तर त्या शेटजींच्या घराकडून. ही गोष्ट सांगताना मला संताप येतो. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे आवाज चढला तर वाचकांनी समजून घ्यावे.

शेटजी धान्याचे व्यापारी होते. कोठीत बाजरी होती, तूप होते, गूळ होता, आणि खाण्यापिण्यावर त्यांनी कधी कुणाला टोकले नव्हते. फक्त वाया गेलेला कण त्यांना सहन होत नसे, आणि यासाठी त्यांना नावे ठेवण्याचे काही कारण नाही. हिवाळ्यात तर त्या स्वयंपाकघराचे वैभव पाहत राहावे. मुळा आला की मुळ्याची कोशिंबीर आणि त्याच्याच पाल्याची पीठ पेरून भाजी. भोपळ्याच्या सालींची तीळ घालून चटणी. लोणी कढवल्यावर तळाशी राहिलेल्या बेरीत कणीक भाजून, गूळ घालून लाडू. चुलीवर भाकरी होत असे तेव्हा मागच्या वैलावर कुळीथ शिजत, आणि भाकऱ्या संपल्या की निखाऱ्यांत रताळी पुरली जात. दिवस मावळला की दारे लावून सारे घर चुलीच्या उबेला जमे. तव्यावरून उतरलेली भाकरी फुगलेलीच पानात पडे, तिच्यावर तूप विरघळे, आणि बाहेरची थंडी बाहेरच राही. असे सुख ज्याने भोगले आहे त्याला ते अधिक वर्णन करून सांगायला नको.

भाकरीच्या बाबतीत मात्र शेटजींनी कमाल केली होती. पूर्वी जेवणे आटोपल्यावर दुरडीत एखाददुसरी भाकरी उरत असे, आणि ती त्यांच्या डोळ्यांत खुपे. मग त्यांनी घरातल्या प्रत्येकाच्या भुकेचा अंदाज बांधला आणि पत्नीला त्या हिशेबाने मुठीमुठीने पीठ काढायला शिकवले. ही यांची, ही माझी, ही मुलाची. एक चिमूट जास्त नाही, एक चिमूट कमी नाही. पंगत उठली की दुरडी रिकामी. घरी कुणी आले की शेटजी ती दुरडी उपडी करून दाखवीत, आणि येणारा मान डोलावीत घरी जाई.

या गोष्टीतल्या इतर कुणाची नावे मी सांगणार नाही, त्याने काही फरक पडत नाही. शेटजींच्या सुनेचे नाव मात्र सांगतो. तिचे नाव गोदा. साऱ्या घराच्या भाकऱ्या तीच थापत असे. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली होती आणि थंडी सुरू होताना बाळाला घेऊन परत आली. आली तेव्हा बाळ चांगले गुटगुटीत होते. पुढे तिचे दूध कमी होत गेले. बाळ दिवसभर किरकिर करू लागले, त्याचे गाल बसले, बरगड्या दिसू लागल्या. घरच्यांनी दृष्ट काढली. वैद्यांनी शतावरी दिली, काढे दिले. शेवटी तेही म्हणाले की आईला दूध आले नाही तर हे मूल थंडी काढील असे वाटत नाही.

शेटजी घाबरले. गावाबाहेरच्या मठात एक वृद्ध महाराज राहत असत. फार बोलत नसत, पण अडलेनडलेले लोक त्यांच्याकडे जात. शेटजींनी जाऊन त्यांचे पाय धरले आणि सगळे सांगितले.

"उद्या संध्याकाळी जेवायलाच येतो," महाराज म्हणाले. "जेवणानंतर उपाय सांगेन."

महाराजांबरोबर त्यांचा तरुण शिष्यही निघाला. मठाच्या कोठीचा कारभार त्याच्याकडे होता, आणि शेटजींच्या काटकसरीची ख्याती त्याने ऐकली होती. तिथली पद्धत शिकून मठात लावावी, असे त्याच्या मनात होते.

दोघे पोचले तेव्हा शेटजींची पत्नी पीठ काढायलाच बसली होती. महाराज दारातूनच म्हणाले, "माई, माझ्या नावाचं पीठ काढू नका. मी पंगतीला बसणार नाही. सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते मी खाईन."

शेटजी खूश झाले. शिष्याकडे वळून म्हणाले, "बघा, याला म्हणतात संत. नाहीतर आमचे पाहुणे." महाराज सगळ्यांच्या पानातले थोडेथोडे घेतील, अशी त्यांनी आपल्या मनाची समजूत करून घेतली.

पंगत बसली. शेटजी, त्यांची पत्नी, मुलगा आणि शिष्य. सासूबाई आता पंगतीत बसत, सून आल्यापासून तो मान त्यांना मिळाला होता. गोदा चुलीपुढे होती. बाळ तिच्या मांडीवर कण्हत होते, एका हाताने ती त्याला थोपटी आणि मग दोन्ही हातांनी पुढली भाकरी थापी. महाराज भिंतीला टेकून बसून राहिले. शेटजींनी शिष्याला एकेक पदार्थ समजावून सांगितला, कशाच्या देठाचे काय केले आणि कशाच्या सालीचे काय. शिष्य भक्तिभावाने ऐकत होता आणि खात होता. त्याला हवी होती तेवढीच भाकरी त्याच्या पानात आली, तेव्हा तर तो चकितच झाला.

जेवणे झाली. शेटजींनी नेहमीप्रमाणे दुरडी हातात घेतली, उपडी केली, आणि म्हणाले, "पाहिलंत? या घरात काही उरत नाही."

महाराज उठले. चुलीजवळ गेले आणि गोदेच्या बाजूला जमिनीवर बसले.

"मुली, आता आपली दोघांची पानं घे," ते म्हणाले.

गोदा उठली नाही. तिने सासूकडे पाहिले, मग चुलीकडे. परातीला चिकटलेले पीठ तिने बोटाने खरवडून आधीच एका कडेला गोळा केले होते, तिकडे तिची नजर गेली आणि तिने पदराने परात झाकली.

शिष्याला गुरूंचा राग आला. ज्या घराने इतक्या आपुलकीने बोलावले त्याला असे अवघडून टाकण्यात काय मोठेपणा, असे त्याला वाटले. तो हळूच म्हणाला, "महाराज, आपणच तर नको म्हणालात."

"मी उरेल ते खाईन म्हणालो," महाराज म्हणाले. "या घरात एक माणूस रोज तेच खातं. मी म्हटलं, आज त्याच्या पंगतीला बसावं."

शेटजी ओशाळले. "अहो, त्यात काय एवढं. आत्ता पीठ मळायला सांगतो."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"आणि हिच्यासाठी?"

"ती जेवते की," शेटजींचा मुलगा मध्येच म्हणाला. गोदेचा नवरा तो. तोंडात अजून सुपारी होती. "ती मागाहून जेवते."

"काय जेवते?"

"जे उरतं ते."

महाराजांचा आवाज तोवर शांत होता. आता तो शांत राहिला नाही. "तुझे वडील आत्ता काय म्हणाले ते ऐकलंस ना? या घरात काही उरत नाही. रोज दुरडी उपडी होते आणि रोज तू ती पाहतोस. मग ही काय खाते, हे एकदाही तुझ्या मनात आलं नाही?"

मला इथे थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गोदेला कुणी उपाशी ठेवले नव्हते. तिला कुणी मारले नव्हते, खाऊ नकोस म्हटले नव्हते, तिला मिळू नये म्हणून कोठीला कुलूपही लावले नव्हते. विचारले असते तर घरातल्या प्रत्येकाने शपथेवर सांगितले असते की आम्ही सुनेला मुलीसारखी वागवतो. फक्त पीठ काढताना तिच्या नावाची मूठ कुणी काढत नव्हते, कारण भाकरी करणारीच्या नावाची मूठ काढायची असते हेच कुणाला माहीत नव्हते. ती उरलेले खाते, अशी रीत. आणि उरू द्यायचे नाही, असा नियम. रीतही मोडली नाही, नियमही मोडला नाही, आणि एक जिवंत बाई या दोहोंच्या मध्ये वाळत गेली. लोक त्या घराचे कौतुक करत राहिले.

सासूबाईंना हे बोलणे लागले. त्या तडकून म्हणाल्या, "असं काय जगावेगळं चाललंय इथे? आम्हीही सासूच्या हाताखाली दिवस काढले. मीसुद्धा सगळ्यांचं झाल्यावर उरलेलंच खाल्लं. मी काय मेले?"

"नाही माई," महाराज म्हणाले, "कारण तेव्हा उरत होतं."

सासूबाईंची नजर परातीकडे गेली. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाई शेवटी एक मूठ जास्त टाकायच्या. रोज. मामंजी ओरडायचे, तर म्हणायच्या, असू द्या, आल्यागेल्याची आहे." त्या घुटमळल्या. "रोज कुठला यायचा हो आलागेला? तीच मी खायचे. त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. आम्ही कधी बोललो नाही."

"ती मूठ मीच बंद केली," शेटजी म्हणाले. "आलागेला तर कुणी येत नाही, मग रोज कशाला, असं म्हणून."

"शेटजी, ऐका," महाराज म्हणाले. "ज्याला काटकसर करायची त्याने आपल्या पानातली भाकरी अर्धी करावी, त्याला मी नमस्कार करीन. तुम्ही तुमचं पान भरलेलं ठेवलंत, मुलाचं भरलेलं ठेवलंत, आणि उरलेल्याला नासाडी म्हणालात. ती नासाडी हिचं जेवण होतं. तुमच्या घरातल्या बायकांना पुरुषांसमोर आपली भूक सांगायची चोरी, म्हणून त्यांनी ती आल्यागेल्याच्या नावाने सांगितली, आणि तुम्ही तेवढंही कळून घेतलं नाहीत. तुम्ही भोपळ्याच्या सालीची किंमत ओळखलीत. ही अंगावर पाजणारी बाई रोज तुमच्या डोळ्यांसमोर बसते, तिचा विसर पडला. बाळाला माझ्याकडे औषध नाही. त्याच्या आईच्या नावाने मूठ काढा, आणि ती सर्वांत आधी काढा. एवढाच उपाय."

शिष्याने मान खाली घातली. मठात भांडी घासायला आणि भाकऱ्या करायला एक विधवा बाई येत असे. ती कधी जेवते आणि काय जेवते, हे त्याला सांगता आले नसते. इथली पद्धत शिकून जायची घाई आपल्याला किती होती, हे आठवून त्याला स्वतःचीच चीड आली.

सासूबाई उठल्या. कुणी सांगायची वाट न पाहता त्यांनी गोदेच्या मांडीवरचे बाळ उचलून मुलाच्या हातात दिले. "धर," एवढेच म्हणाल्या. मग गोदेला हाताला धरून त्यांनी चुलीपुढून उठवले, शेटजींच्या पाटावर बसवले, आणि स्वतः पीठ घेऊन बसल्या. शेटजींनी वाकून चुलीत लाकूड सरकवले. त्यांना ते नीट सरकवता येईना, धूर झाला, पण ते तिथून हलले नाहीत.

"महाराज, तुमचं पान..." ते म्हणाले.

"आज मला घाई नाही," महाराज म्हणाले. "आधी हिचं होऊ द्या."

पहिली भाकरी तव्यावरून उतरली. सासूबाईंनी ती गोदेच्या पानात टाकली, वर तूप घातले. गोदेने भाकरीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. इतकी गरम भाकरी आपल्याच पानात आहे, यावर तिचा विश्वास बसत नव्हता. मग तिने तुकडा मोडला. ती खात असताना कुणी तिच्याकडे पाहिले नाही, तेवढी लाज त्या घरात शिल्लक होती.

सासूबाईंनी दुसरा गोळा हातात घेतला. तो थापता थापता त्यांनी विचारले, "गोदे, तुला किती लागतात गं?"

गोदेचा हात पानातच थांबला. तिने विचार केला. खरोखर विचार केला.

"मला ठाऊक नाही, सासूबाई," ती म्हणाली.

सासूबाई भाकऱ्या थापत राहिल्या.

बाळ वाचले, हे सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला चुटपूट लागून राहील. वसंतात ते रांगू लागले. पण मला राग येतो तो त्या एका उत्तराचा. घरातल्या प्रत्येकाच्या भुकेएवढी भाकरी रोज थापणाऱ्या बाईला स्वतःची भूक किती, हे ठाऊक नसावे, आणि तशा घराची वाहवा व्हावी.

आज संध्याकाळी तुमच्या घरी जी रांधते तिला विचारा, तुला किती लागतात. आणि उत्तर द्यायला तिला किती वेळ लागतो, तेवढे पाहा.