शेजारचं विरजण

“मग आबारावांचं करायचं काय, बुवा? ठेवायचं की काढायचं?”

केरोबुवा मठाच्या ओसरीवर ताक घुसळत होते. रवीची घरघर थांबली नाही.

निनादला घाई होती. संध्याकाळी सहाला पक्षाची बैठक, आणि अध्यक्षपदाची माळ त्याच्याच गळ्यात पडणार होती. दहा वर्षं मावळते अध्यक्ष आबाराव यांनी गाव उभं चिरून सत्ता भोगली. परवाच्या निवडणुकीत ते सपाटून पडले. आता निम्मे कार्यकर्ते त्यांचे पाय धरत होते, निम्मे त्यांचा फोटो उतरवायला स्टुलावर चढले होते.

“परदेशात मी हेच शिकलो, बुवा. पक्ष माणसाहून मोठा असतो. आबाराव गेले की पक्ष स्वच्छ!”

“घे, आधी ताक पी.”

पहिल्याच घोटाला निनादचे डोळे गच्च मिटले. दात आंबले.

“दूध खराब होतं का?”

“ताजं होतं. मठाच्याच गायीचं.”

“मग भांडं...?”

“राखेनं घासलेलं.”

“मग?”

“विरजण. रोजच्या दह्यातलं चमचाभर मागे ठेवायचं, त्यानंच दुसऱ्या दिवशीचं लावायचं. आंबटावर आंबट चढत गेलं.”

“टाकून द्या की ते!”

“दिलं. आता दूध विरजू कशानं?”

निनाद चाचरत म्हणाला, “म्हणजे आबारावांना थोडंसं ठेवायचं?”

बुवा खो खो हसले. “लई शिकलास रे! विरजण आंबलं की तुझी आई काय करते?”

“शेजारून आणते.”

बुवांनी एक रिकामी वाटी त्याच्या हातात दिली.

“खालच्या आळीतल्या चंद्राक्काकडे जा. तिचं दही गोड असतं.”

वाटी धरलेला हात तसाच राहिला. खालची आळी... तिचं पाणी आबारावांनी तोडलं होतं. आणि ‘खालच्या आळीला जागा दाखवा’ ही निवडणुकीच्या पत्रकातली ओळ? ती निनादनेच लिहिली होती, परदेशातून आल्या आल्या, मोठ्या तळमळीनं. चंद्राक्काच्या भिंतीवर ते पत्रक त्यानं स्वतः चिकटवलं होतं.

“बुवा, ती मला दारात उभं करायची नाही.”

बुवांनी रवी धुवायला घेतली.

“वरच्या आळीतून आणू? तिथं आपली चार घरं आहेत.”

“त्या चारही घरांत माझंच विरजण गेलंय.”

निनाद उठला. चपला पायात सरकवल्या, पण पायरीवरच थबकला. टेकडीखाली चंद्राक्काची कौलं दिसत होती. दोनशे पावलं, फार तर.

“सहाला बैठक आहे, बुवा. तिनं दार उघडायलाच उशीर केला तर...?”

बुवांनी शेजारी दूध तापत असलेल्या चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं.

“मी दूध कोमट ठेवतो.”