आच न लागलेला माठ

माठ अजून बोलत होते तेव्हाची गोष्ट. चंपा कुंभारणीने माठ भाजायला आवा लावला, त्या दिवशी एक कच्चा माठ फळीमागे दडून राहिला. भाजायचं टळलं, पण चाक, थापी, गेरू, आवा हे सगळे शब्द त्याने तिथे बसून पाठ केले. पुढे भाजून निघालेल्या माठांनाच तो आच कशी सोसायची ते शिकवू लागला.

"तुझ्या पोटावर हा काळा डाग कसला?" त्याने एकाला विचारलं.

"जाळ लागला तिथे."

"म्हणजे तुला जाळ नीट घेता आला नाही."

तो माठ ओशाळला.

गावाने पाणपोई घातली. चंपा माठ निवडायला आली. तिच्या रिवाजाप्रमाणे ती एकेक माठ बोटाने वाजवून बघत होती. कच्च्याची पाळी आली, तसे बाकीचे माठ तिच्यावर उखडले. "एवढ्या जाणत्याला कुणी वाजवून बघतं का?"

चंपाने वरमून बोट मागे घेतलं.

पाणपोईवर त्याच्यात दोन घागरी पाणी ओतलं. माठ आधी मऊ पडला, मग खाली बसला. चिखल होता होता म्हणाला, "हल्ली पाणीच पूर्वीसारखं राहिलं नाही."

शेजारच्या पक्क्या माठांनी माना डोलावल्या.