खारूताईचं ग्रहणातलं दुकान

जनावरं दुकानं मांडायची, त्या काळची गोष्ट. खारूताईच्या जांभळांवर पडणारे उन्हाचे कवडसे एरवी गोल असायचे. आज ते विळ्यासारखे वाकडे पडले. ग्रहण लागलं होतं; अशा वेळी बाहेर थांबू नये म्हणतात. तरी खग्रास ग्रहण बघायला गर्दी लोटणार म्हणून तिने जांभळांचे ढीग रचले आणि प्रत्येक ढिगावर तुळशीचं पान ठेवलं.

"पान माल राखेल गं, तुला कोण राखणार? घरात जाऊन बस," शेजारच्या दुकानातले कावळेमामा म्हणाले.

"म्हणजे गिऱ्हाईक तुम्हाला मोकळं."

भरदुपारी काळोख झाला. रात्र झाली समजून गिऱ्हाइकं मुकाट घरट्यांत परतली; मामाही गेले. एकटी खारूताई कापऱ्या आवाजात ओरडत राहिली, "ताजी जांभळं घ्या... कुणी आहे का?"

वरच्या फांदीवरून घुबडाने अगदी गोड आवाजात ओ दिली, "आहे की, ताई. आलोच."